'मी बघतो' आणि 'मला दिसतं': इंग्लिश क्रियापदांच्या चौकटी आता पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला इंग्लिशचा जो छोटा कॉलम येतो ना, सारख्या अर्थाच्या क्रियापदांतला फरक सांगणारा, त्याबद्दल लिहितेय. आधीच सांगते की कॉलम बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट पुरवणीतला तेवढाच भाग मी कापून ठेवते, कारण मी मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवते आणि वर्गात याचा उपयोग होईल अशी दर वेळी आशा असते. होत नाही पण. कारण कॉलममध्ये असतं काय, तर एक चौकट. डावीकडे इंग्लिश शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, खाली पाच रिकाम्या जागा. सी म्हणजे पाहणे, लुक म्हणजे पाहणे किंवा बघणे, वॉच म्हणजे लक्षपूर्वक पाहणे. हिअर म्हणजे ऐकणे आणि लिसन म्हणजे लक्षपूर्वक ऐकणे. संपलं.

आता मला सांगा यातून शिकणाऱ्याला काय कळणार? तो बिचारा हेच धरून चालतो की लक्ष दिलं की लिसन आणि लक्ष नाही दिलं की हिअर. मग फोनवर रेंज जाते, पलीकडचा आवाज तुटायला लागतो, आणि हा जिवाचा कान करून ऐकायचा प्रयत्न करत असतो म्हणून ओरडतो, "आय ॲम नॉट लिसनिंग यू!" पलीकडच्या माणसाला काय वाटत असेल विचार करा, हा आपल्याला तोंडावर सांगतोय की मी तुझं ऐकत नाही, काय करायचं ते कर. आणि गंमत अशी की हाच माणूस मराठीत बोलत असता तर चुकूनही "मी ऐकत नाहीये" म्हणाला नसता, तो "मला ऐकू येत नाहीये" असंच म्हणाला असता. म्हणजे फरक त्याला आधीपासून येतो, लहानपणापासून येतो, फक्त आपण चौकटीत "ऐकणे" लिहून तो पुसून टाकलाय.

माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे. इंग्लिशमधल्या या जोड्या अवघड आहेत असं आपण समजतो, पण त्यातल्या बऱ्याच जोड्या मराठीत स्वच्छ वेगळ्या आहेत, आपल्या जिभेवर आहेत, आणि डिक्शनरीतला णे-वाला एक शब्द समोर ठेवला की तो वेगळेपणा गायब होतो.

सी घ्या. सी म्हणजे पाहणे नाहीच मुळी, सी म्हणजे दिसणे. लुक म्हणजे बघणे. "मी बघितलं पण मला दिसलं नाही" हे वाक्य आपण दिवसातून कितीतरी वेळा बोलतो, त्यात कुणाचा गोंधळ होत नाही, आणि त्याचं इंग्लिश म्हणजे "आय लुक्ड, बट आय डिडन्ट सी इट". नजर वळवणं तुमच्या हातात असतं, समोरची गोष्ट दिसणं हे तुमच्या हातात नसतं. वॉच म्हणजे बघत राहणं, जे हलतंय, बदलतंय, जिथे पुढे काहीतरी होणार आहे त्याच्यावर नजर ठेवणं, म्हणून मॅच वॉच करतात, आणि स्टेशनवर शेजारच्याला "वॉच माय बॅग" म्हटलं तर त्याने बॅगेकडे टक लावून बसावं अशी अपेक्षा नसते, लक्ष ठेव एवढंच. फोटोकडे मात्र लुक ॲट, फोटो काही हलत नाही. हे पाच-सात वाक्यांत झालं आणि "लक्षपूर्वक" हा शब्द वापरावाच लागला नाही.

आता यातला खरा माल सांगते. मराठीत काही क्रियापदं "मी" घेतात आणि काही "मला" घेतात. मी बघतो, मला दिसतं. मी ऐकतो, मला ऐकू येतं. मी विचार करतो, मला वाटतं. मी शोधतो, मला सापडतं. मी पाठ करतो, मला आठवतं. आणि मग नुसतं मला कळतं, मला आवडतं, मला हवंय, मला माहितीये. आता ही "मला"वाली मंडळी इंग्लिशमध्ये बघा कोण आहेत, सी, हिअर, थिंक, रिमेंबर, अंडरस्टँड, लाइक, वॉन्ट, नो. म्हणजे जवळजवळ तीच यादी जी ग्रामरच्या पुस्तकात "यांना शक्यतो आयएनजी लावू नये" म्हणून पाठ करायला देतात! पोरं ती यादी रडत रडत पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, आणि उत्तर त्यांच्या स्वतःच्या तोंडात असतं. वर्गात मी यादी देत नाही, मी विचारते की हेच मराठीत बोल, मी म्हणशील का मला म्हणशील. मला म्हणत असशील तर आयएनजी लावायच्या आधी दहादा विचार कर.

थिंक तर यासाठी फारच छान आहे कारण ते दोन्हीकडे बसतं. "आय थिंक ही इज राइट" म्हणजे मला वाटतं त्याचं बरोबर आहे, इथे आयएनजी नाही. "आय ॲम थिंकिंग" म्हणजे मी विचार करतोय, थांब जरा, इथे आयएनजी चालतं. शब्द एकच पण मराठीत "मला वाटतं" आणि "मी विचार करतोय" अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकदा हे डोक्यात बसलं की "आय ॲम थिंकिंग दॅट ही इज राइट" असली वाक्यं आपोआप बंद होतात. स्मेलचंही तसंच, मला वास येतोय आणि मी वास घेतोय, इंग्लिशला दोन्हीकडे एकच स्मेल पुरतं, आपल्याला दोन लागतात.

हा एक फटका मात्र बसतो, तोही सांगायला हवा. आपण "मला दिसतंय", "मला ऐकू येतंय" असं म्हणतो, शेवटी तो "तंय" असतो आणि शिकणाऱ्याला वाटतं तंय आलं म्हणजे आयएनजी आलं, की लगेच "आय ॲम सीइंग यू". इंग्लिशमध्ये त्या जागी कॅन वापरतात, "आय कॅन सी यू", "आय कॅन हिअर यू". आणि "आय ॲम सीइंग हिम" असं एखादी म्हणाली तर तिला तो समोर दिसतोय असा अर्थ होत नाही, त्यांचं जुळलंय असा होतो, किंवा फार तर डॉक्टरबिक्टर असेल तर त्याला भेटायचं ठरलंय असा. व्हिडिओ कॉलवर ऑफिसातल्या साहेबांना "सर आय ॲम सीइंग यू" म्हणणारे मी ऐकलेत. हा मला-मीचा प्रकार नियम म्हणून चौकटीत छापू नका हं, कारण "मला घाम येतोय" ला इंग्लिशमध्ये सरळ आयएनजी लागतं. ही कान तयार करायची युक्ती आहे, कायदा नाही.

शोधणे आणि सापडणे यावर तर एक अख्खा कॉलम व्हायला हवा. आमच्याकडे दर बॅचला हे वाक्य येतंच, "आय ॲम फाइंडिंग माय कीज सिन्स मॉर्निंग". कारण चौकटीत फाइंड म्हणजे शोधणे असं कुठेतरी वाचलेलं असतं. फाइंड म्हणजे सापडणं, शोधाशोधीचा शेवट, आणि शेवट सकाळपासून चालू राहू शकत नाही. शोधण्याला लुक फॉर. पुढे सर्च आलं की अजून एक मजा आहे, "द पोलीस सर्च्ड द हाउस" आणि "द पोलीस सर्च्ड फॉर द थीफ". एका फॉरने सगळं बदललं. तुमच्याच पेपरात क्राइमच्या बातम्या लिहिणारा माणूस हे रोज मराठीत बरोबर लिहितो, घराची झडती घेतली आणि चोराचा शोध घेतला. झडती आणि शोध! इतकं सोपं आहे, पण कॉलममध्ये काय छापलं, सर्च म्हणजे शोधणे.

तसंच नो. "मला काल कळलं" याचं लोक "आय न्यू इट यस्टर्डे" करतात. नो म्हणजे माहीत असणं, ती एक स्थिती आहे, आणि कळणं हा एक क्षण आहे, आधी माहीत नव्हतं मग झालं. त्या क्षणाला इंग्लिशमध्ये फाइंड आउट म्हणतात, किंवा आपलं आपल्यालाच उमगलं असेल तर रिअलाइज. मराठीत माहिती असणं, कळणं, उमगणं, समजणं, ओळखणं, येणं एवढे सगळे आहेत (पोहणं येणं हेसुद्धा आपल्याला वेगळं आहे) आणि आपण या श्रीमंतीचा काही उपयोग न करता "नो म्हणजे जाणणे" लिहून मोकळे होतो. जाणणे! हा शब्द शेवटचा कुणी बोलताना ऐकलाय?

कपड्यांचं पण तेच. घालणे म्हणजे वेअर का पुट ऑन, हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि उत्तर क्रियापदात नाहीच, त्याच्या शेपटीत आहे. शर्ट घातला म्हणजे पुट ऑन, शर्ट घातलाय म्हणजे वेअरिंग. आपण "घातला" आणि "घातलाय" मध्ये कधी चुकत नाही. तरी पण दारात बूट चढवताना लोक "वेट, आय ॲम वेअरिंग माय शूज" म्हणतात, म्हणजे थांब, माझ्या पायात बूट आहेत. बरं मग?

आता म्हणणे-सांगणे-बोलणे. से म्हणजे म्हणणे आणि तेही मुख्यतः जे शब्द बाहेर पडले त्यांच्यासाठी, टेल म्हणजे सांगणे आणि त्याला कुणाला तरी सांगावं लागतं, म्हणून टेलच्या मागोमाग माणूस लागतो, टोल्ड मी, टोल्ड हर, मध्ये टू नको. आपल्या "मला सांगितलं" मधल्या "ला" मुळे लोक "टोल्ड टू मी" करतात आणि "मला म्हणाला" वरून "सेड मी" करतात, म्हणजे टू जिथे नको तिथे घालतात आणि हवा तिथे खातात. गोष्ट सांगणं, खरं सांगणं, खोटं सांगणं, घड्याळ बघून वेळ सांगणं हे सगळं टेल, इथे माणूस नसला तरी चालतो, आणि मराठीत पण सगळीकडे सांगणंच आहे की. अहो इतकंच काय, दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक ओळखता येत नाही याला इंग्लिशमध्ये "आय कान्ट टेल" म्हणतात आणि आपण पण "काही सांगता येत नाही" म्हणतोच. इथे जाता जाता माझी एक तक्रार, हल्ली "म्हणाला" च्या जागी सर्रास "बोलला" लिहितात, "तो मला बोलला की उद्या येतो". मला तर "मला बोलला" म्हटलं की रागावला असंच वाटतं. ज्याच्या मराठीतच म्हणणं, सांगणं, बोलणं यांची खिचडी झाली त्याला से, टेल, स्पीक, टॉक वेगळे कसे वाटणार, आणि तुमच्या पेपरातल्या मुलाखतींमध्येही हे "बोलला" दिसायला लागलंय म्हणून बोलले. (हे बघा, इथे बोलले बरोबर आहे.)

सगळ्यात जास्त बदनाम जोडी म्हणजे लाय आणि ले. तिच्यावर तुम्ही दोनदा कॉलम केलात, दोन्ही वेळा तीन रूपांचा तक्ता छापलात, लाय-ले-लेन आणि ले-लेड-लेड. तक्ता बरोबरच आहे, पण तक्त्यातूनच तर घोळ होतो, कारण लायचा भूतकाळ ले आणि दुसरं क्रियापदही ले. इंग्लिश ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा "आय ॲम गोइंग टू ले डाउन" सर्रास म्हणतात, त्यामुळे आपण फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण मराठी माणसाला ही जोडी तक्त्याशिवाय कळू शकते. लाय म्हणजे निजणे, ले म्हणजे निजवणे. बाळ निजलं, बाळाला निजवलं. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे मुळात बसवणे. राइज म्हणजे वाढणे किंवा उठणे, रेज म्हणजे वाढवणे किंवा उठवणे, भाव वाढले आणि सरकारने कर वाढवला, पहिल्यात राइज दुसऱ्यात रेज, कर आपला आपण वाढत नाही, कुणीतरी वाढवतो. फॉल म्हणजे पडणे, आणि झाड पाडण्याला इंग्लिशमध्ये फेल म्हणतात, नापासवालं नाही, वेगळं फेल, फॉलमधल्या ए च्या जागी ई असलेलं. पडणे-पाडणे!

हे योगायोगाने नाही बरं का. जुन्या इंग्लिशमध्ये आणि तिच्या बहीण भाषांमध्ये क्रियापदाचा स्वर बदलून "करवून घेण्याचं" रूप करायची पद्धत होती, आपण पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे करतो तशीच. पुढे इंग्लिशमध्ये ती पद्धत बंद पडली आणि या चार-पाच जोड्या तेवढ्या शिल्लक राहिल्या, म्हणून इंग्लिशवाल्यांना त्या विचित्र वाटतात आणि पाठ कराव्या लागतात. (रेज तेवढं नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांकडून आलेलं आहे, पण त्याची घडण तीच.) ड्रिंक आणि ड्रेंच पण अशीच जोडी आहे, ड्रेंचचा मूळ अर्थ पाजणे! आज त्याचा अर्थ चिंब भिजवणे असा झालाय, पण गुरांना नळीने औषध पाजतात त्याला इंग्लिशमध्ये अजून ड्रेंच म्हणतात. पिणे-पाजणे. ज्या भाषेत हा कारखाना अजून जोरात चालू आहे त्या भाषेतल्या पोरांना आपण तक्ते पाठ करायला लावतो, याला काय म्हणायचं. लर्न आणि टीचला रूपाचं नातं नाही पण शिकणे-शिकवणे म्हटलं की "ही लर्न्ड मी इंग्लिश" बंद. रिमेंबर-रिमाइंडचंही तसंच, आठवलं आणि आठवण करून दिली.

उलटा प्रकारही आहे. ब्रेकमध्ये इंग्लिश काच फुटली आणि काच फोडली असा फरक क्रियापदात करतच नाही, "द ग्लास ब्रोक" आणि "ही ब्रोक द ग्लास". हे शिकणाऱ्याला सांगितलं की त्याचा चेहरा खुलतो, अरे इथे तर आपलंच जास्त बारीक आहे.

नकाराची क्रियापदं तुमच्या धंद्याची आहेत म्हणून सांगते. रिफ्यूज आणि डिनाय दोन्हीला तुम्ही "नाकारणे" छापलंत. पण तुमचे बातमीदार तर व्यवस्थित फरक करतात, आरोपाचा इन्कार केला आणि उत्तर द्यायला नकार दिला. इन्कार म्हणजे डिनाय, मी हे केलेलं नाही. नकार म्हणजे रिफ्यूज, मी हे करणार नाही. एक मागे बघतो, एक पुढे. आमंत्रण गोड बोलून टाळलं तर डिक्लाइन, अर्ज किंवा प्रस्ताव फेटाळला तर रिजेक्ट. आणि रिफ्यूट म्हणजे आरोप खोटा आहे हे सिद्ध करून दाखवणं, नुसतं "खोटं आहे" म्हणणं नाही, निदान जुने जाणते असंच मानतात, इंग्लिश पेपरवाले मात्र पुढाऱ्याने नुसता इन्कार केला तरी रिफ्यूट लिहितात आणि आरोप खोटा ठरल्यासारखं वाटतं. इथे क्रियापद चुकलं तर बातमी चुकते.

सगळीकडे मराठी मदतीला येते असा माझा दावा नाही. शोध लावणे हे आपलं एकच आहे, नेपच्यूनचा शोध १८४६ साली लागला आणि टेलिफोनचं पेटंट बेलला १८७६ साली मिळालं, आपल्या पुस्तकांत दोन्ही "शोध". पण नेपच्यून आधीपासून तिथेच फिरत होता, त्याला डिस्कव्हर म्हणायचं, आणि टेलिफोन कुठे पडलेला नव्हता, तो बनवला, त्याला इन्व्हेंट. इथे दोन ओळी समजावून सांगाव्या लागणार, इलाज नाही. डू आणि मेकचं त्याहून वाईट आहे कारण आपण सगळंच "करतो". नवीन काही तयार झालं तर मेक आणि काम उरकलं तर डू हे अर्ध्या वाटेपर्यंत नेतं, मग पुढे होमवर्क डू, चूक मेक, उपकार डू, निर्णय मेक, नुकसान डू, प्रॉमिस मेक, आणि कारण विचारलं की कुणाकडे उत्तर नसतं. जे. आर. फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहून ठेवलंय की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपण म्हणतोच, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. तर असे शब्द जोडीनेच छापायला हवेत, एकटे नाही.

आणखी एक भानगड म्हणजे मानपानाची. बिगिन आणि कमेन्स, बाय आणि परचेस, हेल्प आणि असिस्ट, आस्क आणि इन्क्वायर. १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कितीतरी वर्षं दरबार आणि कोर्ट फ्रेंचमध्ये चाललं, त्यामुळे घरातला शब्द एक आणि दरबारातला एक अशा जोड्या तयार झाल्या. अर्थ जवळपास तोच, कपडे वेगळे. तुम्ही चौकटीत दोन्हींच्या पुढे "सुरू करणे" लिहिता, मग कुणीतरी हौसेने "माय सन कमेन्स्ड क्राइंग" लिहितो, म्हणजे माझ्या चिरंजीवांनी रडण्यास प्रारंभ केला. कमेन्सपुढे "प्रारंभ करणे" एवढं छापलं असतं तरी काम झालं असतं, कारण सुरू आणि प्रारंभ यातला फरक पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतो. आणि गाडी स्टार्टच करतात, बिगिन करत नाहीत, हे तेवढं वेगळं सांगावं लागेल.

मी मागतेय ते काही नवीन नाही. ए. एस. हॉर्नबी नावाचे गृहस्थ जपानमध्ये इंग्लिश शिकवायचे, परदेशी माणूस नेमका कुठे अडखळतो ते त्यांनी वर्गात बघितलं होतं, आणि त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेली डिक्शनरी १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली, तीच १९४८ साली ऑक्सफर्डने काढली आणि आज तिच्या पुढच्या आवृत्त्या घराघरात आहेत. तिचा भर अर्थाइतकाच क्रियापदाच्या मागेपुढे काय येतं यावर होता, माणूस येतो का वस्तू, टू येतं का आयएनजी. नंतर १९८७ साली बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीतल्या प्रोजेक्टमधून कोबिल्ड डिक्शनरी आली, तिच्यात तर अर्थच पूर्ण वाक्यात दिलेला असतो. म्हणजे सुट्ट्या शब्दापुढे सुटा शब्द ठेवून भागत नाही हे लोकांना कधीच कळलेलं आहे, आणि आपण अजून चौकटी भरतोय.

म्हणून विनंती अशी, एका आठवड्याला एकच जोडी घ्या, सहा नकोत. तिची चार वाक्यं द्या, खरी, माणसं बोलतात तशी, आणि शेजारी त्याच वाक्याचं बोलीतलं मराठी द्या, णे-वालं नाही, "मला दिसलं", "त्याने पाडलं", "कर वाढवला" असं. जिथे मराठीत दोन शब्द आहेत तिथे ते दोन्ही दाखवा, जिथे नाहीत तिथे नाहीत म्हणून सांगा. आणि रिकाम्या जागांमध्ये कधीतरी असं पण वाक्य ठेवा जिथे दोन्ही शब्द चालतात, "वी सॉ द फिल्म" आणि "वी वॉच्ड द फिल्म" दोन्ही बरोबर आहेत, थिएटरला गेलो तर सॉ जास्त म्हणतात आणि घरी टीव्हीवर बघितला तर वॉच्ड, एवढंच. प्रत्येक जागेला एकच उत्तर असतं असं शिकलेली माणसं बोलायच्या वेळी तोंड उघडत नाहीत, कारण त्यांना वाटतं दुसरं काहीही म्हटलं तर चूकच. जागेचा प्रश्न असेल तर ती शब्दांची यादी कमी करा, ती कुणी वाचत नाही.

कळावे,
आपली एक वाचक

ता.क. मागच्या आठवड्यातल्या पाचव्या रिकाम्या जागेचं उत्तर "दे स्टोल द बँक" असं छापलंय. स्टील म्हणजे चोरणे, जी वस्तू गेली तिच्यासाठी, आणि रॉब म्हणजे लुटणे, ज्याचं गेलं त्याच्यासाठी. पैसे स्टील केले, बँक रॉब केली. बँक स्टील करायची तर इमारत उचलून न्यावी लागेल. दुरुस्ती छापाल तर बरं होईल, माझ्या वर्गात तिघांनी ते उत्तर पाठ करून आणलंय आणि पेपरात छापून आलंय म्हटल्यावर ते माझं ऐकायला तयार नाहीत.